ठसक्यासकट

शुक्रवारी सकाळी अक्षताने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "आई, बसून ऐक." आमच्या घरात बसून ऐक म्हणजे बातमी वाईट असते. मी बसले नाही. गाळ्यात उभ्या उभ्याच, समोर सहा किलो बेडगी मिरची आणि एक खोळंबलेली बाई असताना, इयरफोन कानात घातला आणि ऐकलं. तीन मिनिटं सात सेकंद.

ती बाई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय हो, कोण गेलं का?"

"गेलं," मी म्हटलं. "तुम्ही धणे भाजून आणलेत का?"

'तिठो' नावाच्या बँडचा नवा अल्बम आला होता. मालवणीत तिठो म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. हे तिघंच आहेत. सुयोग गातो, मिहिर गिटार वाजवतो, आणि स्वरदा ढोलकीपासून तेलाच्या रिकाम्या डब्यापर्यंत हाताला लागेल ते वाजवते. तिघंही मुंबईतली, आमच्या चारकोपची, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. बारा वर्षांपूर्वी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या मसाला कांडपाच्या शेजारचा गाळा त्यांनी सरावासाठी घेतला. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यांचं गाणं माझ्याकडे यायचं, माझी मिरची त्यांच्याकडे जायची. या व्यवहारात फायदा माझाच होता.

मी गाणं शिकलेली नाही. दहावीनंतर काहीच शिकले नाही म्हटलं तरी चालेल. बाकीचं मिरचीने शिकवलं. पण एकच गाणं भिंतीपलीकडून शंभर वेळा चुकताना ऐकलं की माणसाला कळायला लागतं, कुठलं खरं आणि कुठलं नुसतं वाजतंय. त्यांचा पहिला अल्बम मी त्यांच्या आईबापांच्या आधी ऐकलाय. बाकी लोक फॅन असतील. मी शेजारीण होते.

त्या अल्बममधलं सगळ्यांना पाठ असलेलं गाणं म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस उभा राहून एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. सुयोगला त्याच्या गाण्याच्या सुरुवातीला असं खरंखुरं गाऱ्हाणं हवं होतं. जाणता माणूस माझ्याच घरात होता. माझे वडील, श्यामसुंदर परब, सगळ्यांचे आप्पा. गिरणी बंद पडली तशी वॉचमनकी केली, पण सेक्टरात कोणाची वास्तुशांत असो की नवी रिक्षा, गाऱ्हाणं आप्पांचं. गावच्या देवाकडे ते चारकोपची कामं मागतात. नळाक पाणी वेळेर येवंदे आणि तां वरच्या मजल्यार चढांदे, असं.

मे महिन्यातली दुपार होती. रेकॉर्डिंगचा तासभर मशीन बंद ठेवायची, असं मी कबूल केलं होतं. पण एका लग्नघरचा मसाला संध्याकाळी द्यायचा होता आणि भिंतीपलीकडे मध्येच शांतता झाली. मला वाटलं, संपलं. मी मशीन चालू केली.

संपलं नव्हतं. आप्पा दम घ्यायला थांबले होते. पुढचं मागणं तोंडातून निघतंय तेवढ्यात माझी संकेश्वरी मिरची भिंतीच्या फटीतून पोचली आणि त्यांना असा ठसका लागला की बस. अकरा सेकंद खोकले. मग म्हणाले, "थांबव गो चेडवा, थांबव ती मिरची..." आणि जरा श्वास आल्यावर, "खंय होतंय रे मी?" डोळे पुसत स्वरदा म्हणाली, "पाण्यावर, आप्पा." मागे माझी मशीन घरघरत बंद होत गेली, आणि ती जिथे बंद झाली नेमक्या त्याच जागी मिहिरने गिटार सुरू केली.

त्यांनी ते तसंच ठेवलं. ठसक्यासकट.

पुढे प्रत्येक कार्यक्रमात त्या जागी सगळे प्रेक्षक एकदम खोकायचे. चारशे माणसं, अकरा सेकंद. कोरोनानंतरच्या पहिल्या कार्यक्रमात खोकायच्या आधी लोकांनी एकमेकांकडे बघून घेतलं, पण खोकले. सीडीच्या मागे छापलं होतं, 'आभार: मिरचीताई.' ती मी.

आता नवा अल्बम. नाव 'हाय म्हाराजा'. आठ गाण्यांपैकी सात गाण्यांना एकच ठेका, आठव्याला तोच जरा हळू. 'खंय'चं 'कहाँ' झालंय. स्वरदाचा डबा कुठेच नाही. आणि शेवटी, अक्षताने लिंक पाठवली होती ते, आमचं गाऱ्हाणं, नव्या रूपात. आप्पांच्या आवाजातलं 'बा देवा' तेवढं कापून घेतलंय आणि तेच पुन्हा पुन्हा, बा-बा-बा-बा देवा, जशी आप्पांना शिंक येतेय आणि येत नाही. पाण्याच्या मागण्याच्या जागी पूल पार्टी आलीय. होयच्या जागी हाय. हाय हाय म्हाराजा. ठसका साफ. अकरा सेकंद कोणी तरी फडक्याने पुसून घेतल्यासारखे.

त्या बाईचा मसाला मी त्या दिवशी इतका बारीक कांडला की ती म्हणाली, ताई, हे पीठ आहे.

शनिवारी सुयोग गाळ्यात आला. हातात निमंत्रणपत्रिका, पायात पांढरे बूट. मिरचीच्या गाळ्यात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाने मनातल्या मनात गाव सोडलेलं असतं. पुढच्या रविवारी सेक्टरच्या मैदानात अल्बमचा कार्यक्रम होता आणि आप्पांचा स्टेजवर सत्कार. महिन्याभरापूर्वीच फोनवर सांगून ठेवलं होतं त्याने. आप्पांनी तेव्हापासून तयारी धरली होती. कवळी नवी करून घेतली, म्हाराजामधला 'जा' नीट यावा म्हणून.

"ऐकलास अल्बम?" सुयोग म्हणाला.

"ऐकला."

"मग?"

"ठसका कुठे गेला?"

तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतेय. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

"ताई, ऐक ना. लोक आता तीस सेकंदांत ठरवतात. ठसका लागला की लोक पुढच्या गाण्यावर जातात. आमच्याकडे सगळा हिशोब आहे, कुठल्या सेकंदाला किती जणांनी गाणं सोडलं त्याचा."

"मैदानात चारशे जण खोकतात, ते कोणत्या सेकंदाला सोडून गेले?"

"ते चारशे. मी चाळीस लाखांचं बोलतोय."

"आणि होयचं हाय कोणी केलं?"

"कंपनीतल्या एकाने सुचवलं. होय बाहेरच्यांना कळत नाही. हाय कुणालाही कळतं. दिल्लीतसुद्धा."

"दिल्लीला कशाला गाऱ्हाणं घालतोयस? देव वेंगुर्ल्यात आहे."

"तू ना, ताई," तो स्टुलावर बसला, मग पँट लाल झाली का बघायला उठला. "बारा वर्षं आम्ही त्याच चारशे लोकांसमोर वाजवतोय. स्वरदा शाळेत गाणं शिकवते, मिहिर लग्नात वाजवतो. आम्ही मोठं व्हायचंच नाही का?"

मी मिरच्यांचे देठ तोडत राहिले. मग तो म्हणाला, अगदी हळू, लहानपणी उधार चिंच मागायचा तसा, "आणि खरं सांगू? तुला ठसका गेल्याचा राग नाही. तू गेलीस त्याचा आहे."

पोरगा हुशार आहे. नेमकं बोट ठेवलं. आप्पा खोकत खोकत 'थांबव गो चेडवा' म्हणतात ती चेडू म्हणजे मी, आणि माझी मशीन. एवढ्या मोठ्या जगात माझं काहीतरी कुठेतरी वाजत होतं. पन्नाशीतल्या बाईला याचा राग येऊ नये असं कुठे लिहिलंय?

"तोही आहे," मी म्हटलं. "दोन्ही आहेत. राग काय एकाच गोष्टीचा येतो का?"

"जुनं गाणं कार्यक्रम झाला की सगळीकडून खाली काढतायत," जाता जाता तो दारातून म्हणाला. "दोन-दोन असली की लोक गोंधळतात. आधीच सांगून ठेवतो, नंतर ओरडू नकोस."

मी ओरडले नाही. जुनं काढलं की आप्पांचं ते गाऱ्हाणं फक्त माझ्या कपाटातल्या सीडीत राहणार होतं, आणि ती सीडी वाजवायला घरात काही नाही.

घरी प्रश्न होता आप्पांना सांगायचं कसं. अक्षता म्हणाली, सांगूच नको, स्टेजवर शाल घेतील, खाली येतील. मी म्हटलं, त्यांना कान आहेत गं. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी चहानंतर तिने त्यांना मोबाईलवर गाणं लावून दिलं. आप्पांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मी त्यांच्या नव्या कवळीकडे बघत बसले.

"ही हाय कोणाची?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, हाय म्हणजे हॅलो," अक्षता म्हणाली.

"देवाक काय फोन लायलो?"

अक्षताला हसू आलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी मोबाईल उलटा ठेवला, देवाचा फोटो पाय लागेल म्हणून बाजूला करतात तसा.

"गाऱ्हाण्यात हाय नसता, बाय. हाय लागता माणसाक. गरिबाची लागता, इधवेची लागता. आणि होय म्हणजे सगळ्यांनी हात लायलो. होय नसात तर तां गाऱ्हाणा नाय, एकट्याची बडबड." मग म्हणाले, "बारा वर्सा चारशे माणसा होय म्हणत होती. ता सगळा ह्यांनी पुसल्यांनी?"

"आप्पा, जाऊ नका कार्यक्रमाला," मी म्हटलं. "मी कळवते त्यांना."

"जातलंय. शाल नको माका. होय घेवक जातलंय."

म्हणजे ते स्टेजवर गाऱ्हाणं घालणार होते. सुयोगला फोन करून मी तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "दोन मिनिटं देतो, ताई. नक्की." दोन मिनिटं पुरेशी होती. आप्पांचं गाऱ्हाणं दोन मिनिटांचंच आहे, ठसका धरून.

कार्यक्रमाच्या रविवारी संध्याकाळी मैदान भरलं होतं. स्टेजच्या मागे घराएवढा पडदा आणि त्यावर नाचणारे नारळ. पुढच्या रांगांत सेक्टरातली जुनी माणसं, आमच्या भजनी मंडळातले सातआठ म्हातारे. मागे सगळी नवी पोरं, गाणं फोनवर ऐकून आलेली. मी बाजूच्या बांबूच्या कठड्याला टेकून उभी होते, अक्षता शेजारी.

सुयोगने शाल घातली, नारळ दिला, वाकून नमस्कार केला. त्यात खोटं काही नव्हतं, हे मान्य करायला मला आजही जड जातं. मग त्याने माइक दिला. आप्पांनी नारळ काखेत धरला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," पुढच्या रांगांतून आलं.

"ह्या चारकोपात पोटासाठी इलेल्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"ह्या तीन पोरांनी होयचो हाय केल्यांनी, त्यांका कळाक नाय, तां..."

आणि गाणं सुरू झालं. आपोआप. कॉम्प्युटरवर सगळं आधीच लावून ठेवलं होतं, आणि त्यात कोणीतरी आप्पांना चाळीस सेकंद दिले होते. माइक बंद झाला. त्यांच्या डोक्यावरून त्यांचाच आवाज धडधडत निघाला, बा-बा-बा-बा देवा, आणि पडद्यावरचे नारळ फुटले. मागची पोरं उड्या मारायला लागली. आठ नाचणारी मुलं-मुली आतून धावत आली आणि मध्ये शाल पांघरलेला माणूस बघून त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटली, ओढ्यातल्या धोंड्याच्या बाजूने पाणी जातं तशी.

सुयोग गातच राहिला. त्याचं तोंड आप्पांकडे नव्हतं. मिहिरने मात्र गिटारवरचे हात काढले आणि आप्पांकडे बघत उभा राहिला. हात काढले तरी गिटार वाजतच होती. तेव्हा मला कळलं, याआधीही ती तो वाजवत नव्हता.

आप्पा थांबले नाहीत. त्यांचा आवाज कठड्यापर्यंत येत नव्हता, पण ओठ दिसत होते आणि गाऱ्हाणं मला पाठ आहे. नळाक पाणी वेळेर येवंदे. तिथे ते थांबले. दर वेळी तिथेच थांबतात, घरी म्हणतानासुद्धा. बारा वर्षांत ती जागाच तशी झालीय त्यांची, आधी ठसका, मग पुढचं. आता ठसका आला नाही. मिरची नव्हती ना. ते इकडे तिकडे बघायला लागले. ओठ हलले. खंय होतंय मी, असंच असणार.

मी खोकले. ठरवून नाही, छातीतूनच आलं. जितकं जोरात खोकता येतं तितकं खोकले, अकरा सेकंद, वाकून, कठडा धरून. अक्षता पाठीवर थापटायला लागली. शेजारचा एक पोरगा लांब सरकला. त्या आवाजात स्टेजपर्यंत काहीही पोचणं शक्य नव्हतं. पण डोकं वर केलं तेव्हा आप्पांचा हात उभा होता, माझ्या बाजूला, थांबव गो म्हणतात तसा.

मग त्यांनी पुढचं सगळं म्हटलं. परीक्षेची पोरं, आजारी माणसं, गावाकडची घरं. शेवटचं मागणं नेहमीचं, काय चुकला माकला आसात तां पायाबुडी घाल रे म्हाराजा. मी होय म्हाराजा म्हटलं. अक्षताने म्हटलं. पुढच्या रांगेत भजनी मंडळाचे हात वर गेलेले दिसले. बाकी मैदान हाय म्हणत होतं.

घरी येताना आप्पा म्हणाले, "किती झाले होय?"

"झाले दहाबारा," मी म्हटलं.

"पुरे झाले," ते म्हणाले. मला पुरले नव्हते.

मंगळवारी सुयोग पुन्हा गाळ्यात आला. या वेळी बूट काळे. आप्पा दाराशी स्टुलावर मिरच्यांचे देठ काढत बसले होते. त्यांच्या पाया पडला, मग माझ्यासमोर मोबाईल धरला. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी काढलेला व्हिडिओ होता. आप्पा गाऱ्हाणं घालतायत, नाचणारी पोरं बाजूने जातायत, मध्येच आप्पा हरवतात, हात वर करतात. जवळून काढलेला, म्हणून त्यांचा आवाज येत होता. खाली लोकांनी शेकड्यांनी लिहिलं होतं, आजोबा, होय म्हाराजा.

"दोन दिवसांत नऊ लाख लोकांनी बघितलंय, ताई," सुयोग म्हणाला. "कंपनीवाले वेडे झालेत. त्यांना हे गाण्यात हवंय. नवीन व्हर्जन. आणि ठसकासुद्धा हवाय. जुन्यातला ठसका काढून यात बसवायचा म्हणतायत. बघ, तुझंच झालं शेवटी."

"जुनं गाणं?"

"ते काल काढलं."

"ते परत होतं तिथे ठेव. जसं होतं तसं. मग बोलू."

"ते माझ्या हातात नाही गं. पण हे आहे. फक्त आप्पांचा आणि तुझा होकार हवा. इथे सही, किंवा नुसतं हो म्हण, मी मोबाईलवर घेतो."

"होकार म्हणजे होय?"

"होय," तो म्हणाला.

"हाय नाही चालणार?"

तो पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागला. छत्तीस वर्षांचा पोरगा, भिंतीपलीकडून ज्याचा आवाज मी फुटताना आणि जुळताना ऐकलाय. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मला त्याच्यासाठी चहा सांगावासा वाटला. खरंच वाटला. पण मग आठवलं, आप्पा त्या स्टेजवर काखेत नारळ धरून मी कुठे होतो म्हणून शोधत होते आणि याने मान वळवली नव्हती.

मशीनमध्ये चार किलो संकेश्वरी भरलेली होती. मी नाकाला रुमाल बांधला. आप्पांनीही बांधला, ते या वासात बारा वर्षं मुरलेत. मी बटण दाबलं.

पहिले चारपाच सेकंद सुयोग बोलतच होता, मोबाईल पुढे धरून. मग ठसका लागला. मोबाईल खिशात गेला, दुसरा हात भिंतीला. त्याच भिंतीला. तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी, तोंड लाल, पुन्हा पुन्हा काहीतरी सांगायचा प्रयत्न करत.

दाराशी आप्पांनी सवयीने हात वर केला. "थांबव गो चेडवा," ते म्हणाले. "थांबव ती मिरची."

मी मशीन बंद केली नाही.